करवंदीची जाळी काढू नका: शेजारची झाडं कधी तारतात, कधी मारतात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते वाचणाऱ्याला कळेल. पुरंदर तालुक्यात डोंगरउताराला चार एकर मुरमाड माळ आहे. मागच्या उन्हाळ्यात जेसीबी लावून करवंद, हेकळ, बोर अशी सगळी झुडपं काढून जागा "स्वच्छ" केली, जूनमध्ये आंबा, जांभूळ, वड, सीताफळ, चंदन अशी रोपं लावली आणि या मे महिन्यापर्यंत निम्म्याहून जास्त वाळली, चंदन तर जवळपास सगळंच गेलं. बांधावरच्या निलगिरीलगत ज्वारी धड होत नाही. वरच्या अंगाला आधीच्या कुणीतरी लावलेलं गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया आहे, त्याच्याखाली गवत येत नाही. आणि आता तुम्हाला एक यादी हवीये, की कुठलं झाड कुठल्या झाडाला पूरक आणि कुठलं मारक.

यादी मी देणार नाही. म्हणजे देता येत नाही म्हणून नाही, तशा याद्या मोबाईलवर ढिगाने फिरतायत, पण त्या यादीने तुमची पुढची तीनशे रोपं पण जातील अशी मला भीती वाटते. गेली बावीस-तेवीस वर्षं मी पुण्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांवर आणि साताऱ्यात माण-खटाव बाजूला देशी झाडं लावायचं आणि मुख्य म्हणजे जगवायचं काम करतोय, आणि त्यातून मला जे पक्कं कळलंय ते एवढंच की दोन झाडांचं नातं कायमचं ठरलेलं नसतं. तेच झाड एका जागी शेजाऱ्याला तारतं आणि दुसऱ्या जागी त्यालाच मारतं. तिथे नेमकी टंचाई कशाची आहे, पाण्याची, उजेडाची, नत्राची, का शेळ्यांपासून संरक्षणाची, यावर ते ठरतं. आणि वयावर.

तुमच्याच गिरिपुष्पाचं घ्या. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, तिकडे त्याचं एक नाव आहे "मादरे दे काकाओ", म्हणजे कोकोची आई, कारण कोकोच्या झाडाला सावली लागते आणि ती हे झाड देतं, वर मुळांवरच्या गाठींतून नत्र पण जमिनीला मिळतं. तेच झाड आपल्याकडे मोकळ्या माळावर दाट लावलं की खालच्या गवताचा जीव घुसमटतो, कारण आपल्या कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांना उघडं ऊन लागतं, सावली हीच त्यांची अडचण. झाड तेच आहे, गुण तेच आहेत, सावली तीच आहे. कोकोला ती हवी होती आणि गवताला नको होती. मग यादीत गिरिपुष्प कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता तुमच्या झुडपांकडे येतो, कारण खरं नुकसान तिथे झालंय आणि ते मला मनापासून लागलंय, कारण सुरुवातीच्या वर्षांत हीच चूक मी स्वतः केलीये. तेव्हा आम्ही एका गावच्या गायरानावर झाडं लावायला गेलो तेव्हा पहिलं काम हेच केलं, सगळ्या काटेरी जाळ्या तोडून पेटवून दिल्या, खड्डे ओळीत दिसले पाहिजेत म्हणून. टँकरने पाणी घातलं, आळी केली, सगळं केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या ओळींत काड्या उभ्या होत्या. आणि गायरानाच्या कडेला, जिथे आम्ही तोडायला पोचलो नव्हतो, तिथे करवंदीच्या एका जुन्या जाळीतून चंदनाचं छातीएवढं झाड वर आलेलं होतं, शेजारी कडुनिंबाचं रोप, आणि आत वाकून बघितलं तर अजून सीताफळाची दोन. कुणी लावलेली नाहीत, कुणी पाणी घातलेलं नाही. त्या दिवसापासून मी झुडूप तोडायच्या आधी गुडघ्यावर बसून आत कोण आहे ते बघतो.

तुम्ही पण हे बघा. शेजारच्या कुणाच्या जमिनीवर करवंदीची जाळी शिल्लक असेल तर मे महिन्यात दुपारी दीड-दोनला तिथे जा. बाहेरचा मुरूम हाताला चटका देतो. काठीने फांद्या बाजूला करून आत हात घाला, माती चक्क गार लागते. वरचा पालापाचोळा उचलला की खाली काळपट भुसभुशीत माती, मुंग्या, गोगलगायींचे रिकामे शंख, आणि पावसाळ्यानंतर कितीतरी दिवस टिकलेली ओल. डोंगरउतारावर वाहून जाणारी माती आणि पाला त्या जाळीच्या बुडाशी अडकतो आणि तिथेच साठत जातो, म्हणजे आजूबाजूला सगळा उघडा मुरूम असला तरी जाळीखाली दोन-चार बोटं का होईना पण खरी माती तयार झालेली असते. वीस वर्षांची जाळी म्हणजे वीस पावसाळ्यांची माती, ती तुम्ही जेसीबीने एका दिवसात उलथून टाकली.

दुसरं काम पाखरांचं. बुलबुल, कोकीळ करवंदं खायला येतात, नाहीतर नुसतेच सावलीला बसतात, आणि आधी कुठेतरी खाल्लेल्या चंदनाच्या, कडुनिंबाच्या, उंबराच्या बिया तिथे टाकतात. म्हणजे बी येऊन पडायची जागा आणि बी उगवायला चांगली जागा एकच झाली. तिसरं काम काट्यांचं. शेळी करवंदाचा कोवळा शेंडा कुरतडते पण जाळीच्या पोटात तोंड घालत नाही. बाहेर उघड्यावर असलेल्या रोपाला एका शेळीचं एक तोंड पुरेसं असतं, आतल्या रोपाला मात्र शेंडा जाळीच्या वर निघेपर्यंत कुणी हात लावत नाही, आणि तोवर खोड जाड झालेलं असतं. आपण त्याच शेळ्यांसाठी तारेच्या कुंपणावर किती पैसे घालतो ते तुम्हाला माहितीच आहे.

अशा झुडपाला शास्त्रात दाई झाड म्हणतात, नर्स प्लांट. अमेरिकेतल्या सोनोराच्या वाळवंटात सग्वारो नावाचा तो मोठा खांबासारखा निवडुंग आहे ना, त्याची पिल्लं बहुतेक करून पालो व्हर्डे सारख्या झाडांच्या सावलीतच वाढतात, उघड्यावर ती उन्हाने आणि थंडीने मरतात. आपल्या डोंगरांवर करवंद, हेकळ, बोर, निवडुंगाची बेटं हेच काम करतात. कंदीलपुष्पाच्या, म्हणजे आपल्या खर्पुडीच्या कितीतरी वेली अशा झुडपांच्याच आधाराने वर चढतात, म्हणून चरणाऱ्या जनावरांच्या तोंडून वाचतात. झुडूप साफ केलं की त्या पण गेल्या आणि गेल्याचं कुणाला कळत पण नाही.

पण इथे थांबून एक गोष्ट समजून घ्या नाहीतर उद्या तुम्ही सगळं काही झुडपात लावायला जाल. १९९४ साली मार्क बर्टनेस आणि रॅगन कॅलवे या दोन शास्त्रज्ञांनी एक मांडणी केली, की जागा जितकी खडतर तितकं झाडांचं एकमेकांना सहाय्य जास्त, आणि जागा जितकी सुखाची तितकी स्पर्धा जास्त. नंतर २००२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जगातल्या ११ डोंगराळ ठिकाणचा एक मोठा प्रयोग छापून आला. त्यात संशोधकांनी झाडांच्या आजूबाजूचे शेजारी काढून टाकले आणि काय होतं ते बघितलं. खालच्या उबदार भागात शेजारी काढल्यावर उरलेली झाडं बरी वाढली, कारण स्पर्धा गेली, पण वर उंचावर, जिथे थंडी आणि वारं मारतं, तिथे शेजारी काढल्यावर उरलेल्यांचं नुकसान झालं. आपल्याकडे थंडीच्या जागी उन्हाळा धरा, हिशोब तोच.

पुरंदरच्या तुमच्या उतारावर पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, माती वीतभर, आणि मार्च ते जून ऊन. तिथे सावली हा आधार आहे. हेच तुम्ही राधानगरीच्या जंगलात गेलात तर तिथे पाणी भरपूर, माती खोल, टंचाई फक्त उजेडाची. तिथे डोक्यावरचा शेजारी म्हणजे अडथळा, खालची रोपं वर्षानुवर्षं तेवढीच राहून वरचं एखादं झाड पडायची वाट बघतात. सह्याद्रीतली कारवी बघा, सात-आठ वर्षं उताराला इतकी दाट उभी असते की खाली दुसऱ्या कशाला जागा नाही, मग एका पावसाळ्यानंतर सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते, आणि त्यानंतर खाली पहिल्यांदा भरपूर उजेड पोचतो, तेव्हा बाकीच्यांची रोपं उसळी घेतात. म्हणून मी म्हणतो आधी टंचाई ओळखा.

आणि प्रत्येक झाडाचा स्वभाव पण वेगळा. खैर, हिवर, बाभूळ, सालई यांना लहानपणापासून ऊन लागतं, यांना जाळीत घातलं तर उलट ती लांबट होऊन मरतील. चंदन, कडुनिंब, सीताफळ यांना लहान असताना आडोसा चालतो, चंदनाला तर आवडतोच. आंबा-जांभळाचं म्हणाल तर जांभूळ ओढ्याकाठचं झाड आहे, ते मुरमाड उतारावर कुणाच्याही शेजारी लावलं तरी रडणारच, त्यात शेजाऱ्याचा दोष नाही.

गवताबद्दल पण असंच आहे. गवताने माती धरून ठेवलीये, उतारावरचं पाणी मुरवलंय, त्यामुळे ते हवंच. पण पहिल्या वर्षीच्या रोपाची मुळं आणि गवताची मुळं एकाच थरात असतात, वरच्या वीतभर मातीत, आणि तिथे गवत नेहमी जिंकतं. गणपती ते दिवाळी या काळात जी ओल जमिनीत असते ती गवत झरझर पिऊन टाकतं आणि रोप उन्हाळ्यात शिरतानाच तहानलेलं असतं. म्हणून रोपाभोवती दोन-अडीच फुटांचं गवत कापायचं आणि कापलेलं तिथेच आच्छादन म्हणून अंथरायचं, उपटायचं नाही, जाळायचं तर अजिबात नाही. दोन-तीन वर्षांनी झाडाचं मूळ गवताच्या खाली गेलं की हे भांडण आपोआप मिटतं, नंतर उलट काही खोल मुळांची झाडं रात्री खालचं पाणी वर ओढतात आणि ते वरच्या कोरड्या थरात थोडं झिरपतं, त्याचा फायदा उथळ मुळांच्या शेजाऱ्यांना मिळतो. अमेरिकेत साखर मेपलच्या झाडाखाली हे मोजून दाखवलंय. पहिल्या वर्षी ज्यांच्यात भांडण, दहाव्या वर्षी त्यांच्यातच देवाणघेवाण.

आता चंदन. तुमचं चंदन का गेलं ते मी न बघता सांगू शकतो, त्याला तुम्ही एकटं लावलंत. चंदन अर्धं परजीवी आहे. पानं हिरवी असतात, स्वतःचं अन्न स्वतः बनवतं, पण पाणी आणि क्षार-नत्र घेण्यासाठी त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात, तिथे एक चपटी गाठ तयार होते, तिला हॉस्टोरियम म्हणतात, आणि त्या गाठीतून ते शेजाऱ्याच्या मुळातून ओढून घेतं. तीनशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर ते असं जगू शकतं, म्हणजे फार चोखंदळ नाहीये, पण कुणीतरी हवंच. शेजारी नसला तर वर्ष-सव्वा वर्ष कसंबसं तग धरतं, पिवळं पडतं आणि एका उन्हाळ्यात जातं, आणि लोक म्हणतात रोपवाटिकेने रोपं खराब दिली.

चांगल्या रोपवाटिकेत पिशवीतच चंदनाशेजारी तुरीचं रोप लावलेलं असतं, ते फुकट आलेलं तण समजून उपटू नका, हे मी शंभरवेळा सांगितलंय आणि तरी लोक उपटतात. फक्त तूर चंदनाच्या डोक्यावर जायला लागली की तिचा शेंडा खुडायचा. शेतात लावताना परत एक-दीड फुटावर तूर टोकायची, ती वर्ष दोन वर्षं साथ देते, आणि तोवर दीड-दोन मीटरवर कायमचा यजमान, म्हणजे ज्याच्या मुळांवर चंदन जगेल असं झाड, तयार झाला पाहिजे, करंज, शिरीष, कडुनिंब, सुरू असा काहीतरी. शेंगवर्गातले यजमान चंदनाला जास्त मानवतात कारण त्यांच्याकडे नत्र असतं. आणि आता परत त्या करवंदीच्या जाळीकडे बघा, तिथे चंदन का उगवत होतं ते पूर्ण कळेल: पाखराने बी आणून टाकलं, सावली मिळाली, शेळी नाही, आणि सगळ्या बाजूंनी कुणा ना कुणाची मुळं हाताशी. तुमच्या उतारावरची ती झुडपं चंदनाची पानं-पाणी सांभाळणारी सासुरवाडी होती म्हणा हवं तर.

शेजाऱ्याच्या मुळाला चिकटणाऱ्यांचं जरा पुढचं सांगतो, कारण हे मला फार विलक्षण वाटतं आणि तुम्ही ज्वारी करता म्हणून उपयोगाचं पण आहे. ज्वारीत टारफुला येतो ना, पांढऱ्या फुलांचा, वीत-दीड वीत उंचीचा, तो पण मुळावरचा परजीवी. त्याचं बी धुळीसारखं बारीक, एका झाडाला हजारोंनी येतं आणि मातीत दहा वर्षांहून जास्त जिवंत पडून राहू शकतं. पाऊस पडला म्हणून ते उगवत नाही, जवळ ज्वारीचं मूळ आल्याचा वास लागला तरच उगवतं. तो वास म्हणजे मुळातून झिरपणारी काही रसायनं, त्यांना स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात. आता झाड स्वतःच्या शत्रूला बोलवायला रसायन कशाला सोडेल, असा प्रश्न कितीतरी वर्षं होता, २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की ती हाक खरी तर मित्रासाठी आहे, मुळांशी राहून फॉस्फरस आणून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीला दिलेली. टारफुला ती हाक चोरून ऐकतो.

आणि त्याहून भारी गोष्ट, यातलं पहिलं रसायन १९६६ साली सापडलं ते कापसाच्या मुळातून, आणि कापसावर टारफुला जगूच शकत नाही! म्हणजे कापसाच्या शेतात टारफुल्याचं बी हाक ऐकून उगवतं, चिकटायला ज्वारी सापडत नाही, चार दिवसांत मरून जातं. ज्वारीनंतर कापूस घेतला की जमिनीतला टारफुल्याच्या बियांचा साठा असा कमी होतो. केनियात इसिपे या कीटक संशोधन संस्थेने मक्यात डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वनस्पती लावून हेच साधलं, तिच्या मुळांतली रसायनं टारफुल्याचं बी उगवून मारतात, वर तिच्या वासाने खोडकिड्याचे पतंग मक्यातून पळतात आणि कडेला लावलेल्या हत्ती गवतावर जाऊन अंडी घालतात. इथे तीन शेजारी मिळून एकाला सांभाळतात.

पिकांचं निघालंच आहे तर तुरीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे ज्वारी-तूर किंवा सोयाबीन-तूर का जमतं तर तूर पहिले दोन महिने फार हळू वाढते, तेवढ्यात शेजारचं पीक ऊन-पाऊस खाऊन मोठं होतं आणि काढणीला येतं, मग रान मोकळं झाल्यावर तूर पसरते आणि खोल मुळावर पुढची थंडी काढते. दोघांची जेवायची वेळ वेगळी आहे म्हणून भांडण नाही. नत्राचं सगळ्यांना माहिती आहे, पण त्यातलं बरंचसं नत्र त्याच हंगामात शेजाऱ्याला मिळत नाही, ते गळलेल्या पाल्यातून आणि कुजलेल्या मुळांतून पुढच्या पिकाला मिळतं, हे लक्षात ठेवा म्हणजे ज्वारीचं खत एकदम बंद करणार नाही. फॉस्फरसचं मात्र फार थोड्यांना माहितीये. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेतल्या कामातून १९९० साली पुढे आलं की तुरीच्या मुळातून पिसिडिक ॲसिड निघतं आणि ते तांबड्या जमिनीत लोहाशी जखडून बसलेला फॉस्फरस सोडवतं, जो ज्वारीला घेता येत नाही. तुमच्या मुरमाड तांबड्या रानात एक वर्षाआड तूर फिरवण्याला यामुळे अजून एक कारण मिळतं.

निलगिरीकडे येतो. तुम्ही विचारलंय ती विष सोडते का. पानं भिजवून काढलेल्या पाण्यात प्रयोगशाळेत बी उगवत नाही किंवा कमी उगवतं हे खरं आहे, पानात तेल आहे, पाला लवकर कुजत नाही. पण बशीतला प्रयोग आणि शेत यात फरक असतो, शेतात पाऊस आहे, माती आहे, मातीतले जंतू ती रसायनं खाऊन टाकतात. माझ्या मते तुमच्या ज्वारीची अडचण नव्वद टक्के पाण्याची आहे, निलगिरीची आडवी मुळं बांधावरून कित्येक मीटर रानात शिरतात आणि रब्बीत जी साठलेली ओल ज्वारीने वापरायची ती आधी पिऊन टाकतात. पण माझं ऐकू नका, स्वतः तपासा. बांधाच्या निम्म्या लांबीला, झाडांच्या ओळीपासून चार-पाच फूट रानाच्या बाजूला, अडीच-तीन फूट खोल चर मारा, मुळं तुटली पाहिजेत, आणि निम्म्या लांबीला काही करू नका. पाला दोन्हीकडे सारखाच पडतोय. रब्बीत चरालगतची ज्वारी सुधारली तर भांडण मुळांचं होतं, नाही सुधारली तर पाल्याकडे आणि सावलीकडे बघू. एवढंच की मुळं एक-दोन वर्षांत परत येतात, चर परत मारावा लागतो.

बांधावर झाडच नको असा याचा अर्थ घेऊ नका. मराठवाड्यात जुने शेतकरी रानात रामकाठी बाभूळ ठेवतात, ती खराट्यासारखी उभी वाढते, पसरत नाही, सावली अगदी थोडी पडते आणि पाला बारीक. कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी एकाखाली एक बसवतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिला लाखी बाग असं नाव दिलंय, तिथे नारळाची बहुतेक मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात आणि झावळ्यांमधून ऊन गाळून खाली येतं, म्हणून सगळ्यांचं जमतं. पण तिथे पाणी द्यायची सोय असते, तुमच्या उतारावर तसं करायला जाऊ नका.

रसायनाने मारणारा शेजारी खरोखर बघायचा असेल तर गाजरगवत. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि तिथून देशभर गेलं. त्यातलं पार्थेनिन शेजारच्या बियांना आणि रोपांना त्रास देतं, शिवाय ते वर्षभर कधीही उगवतं आणि गुरं खात नाहीत. पण त्याच्यावर सुद्धा शेजारी उपाय आहे, आपला टाकळा, विदर्भात तरोटा म्हणतात तो. पहिल्या पावसाबरोबर इतका दाट उगवतो की खाली गाजरगवताला उजेडच मिळत नाही. तुमच्या जेसीबीने उघड्या पडलेल्या जागेवर गाजरगवत येणारच, शेंगा वाळल्या की रस्त्याकडेचं टाकळ्याचं बी गोळा करून ठेवा आणि वळवाच्या आधी फेकून द्या. टाकळ्याची कोवळी भाजी पण होते.

एक गोष्ट तुम्ही शेवटी सहज विचारलीये, की झाडं जमिनीखालून बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना जेवण पाठवतात, आई झाड पिल्लांना पोसतं, असे व्हिडिओ बघितले ते खरं का. बुरशी खरी आहे, जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांत ती असते आणि ती नसेल तर पडीक मुरमात रोप जगवणं अवघड जातं. १९९७ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात सुझन सिमार्ड या वनशास्त्रज्ञ बाईंनी बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण मोजून दाखवली. पण त्यावरून आई झाड ओळखून पिल्लाला पोसतं इथपर्यंत उडी मारणं बरोबर नाही, २०२३ मध्ये याच विषयातल्या संशोधकांनी सगळा पुरावा परत तपासून सांगितलं की जंगलात हे असं घडतं याला पुरेसा आधार नाही. आणि तिकडच्या थंड जंगलातली बुरशी वेगळ्या प्रकारची, आपल्या माळावरच्या झाडांची बहुतेक वेगळ्या प्रकारची. माझ्या कामापुरतं मी यातून एवढंच घेतो, की रोप लावताना जवळच्या जुन्या जाळीखालची दोन मुठी माती खड्ड्यात टाकतो, त्यात इथलीच बुरशी इथल्याच झाडांची असते.

वरच्या अंगाचं गिरिपुष्प एका झटक्यात तोडू नका, परत उघडा मुरूम मिळेल आणि तोडलेल्या बुंध्यातून दहा फुटवे येतील. जूनच्या सुरुवातीला फांद्या छाटा, तो पाला नत्राने भरलेला असतो, रोपांच्या आळ्यात अंथरा. दरवर्षी थोडी थोडी झाडं कमी करत पूर्वेकडून मोकळं करत या, पश्चिमेची ओळ शेवटी, कारण दुपारनंतरचं ऊन तीच अडवते. शेंगा फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं झाल्यावर धरतात, त्या तडकून बी लांब उडतं, त्या आधी जमतील तेवढ्या काढा. मोकळं झालेल्या जागेवर गवत आपोआप यायला लागेल, तिथे लगेच झाडं लावायची घाई नको, गवताचा तुकडा गवताचाच राहू द्या.

आणि या जूनमध्ये नवीन रोपं विकत आणू नका. करवंद आणि बोर चिवट आहेत, जेसीबीच्या दातातून मुळं सुटली असतील तिथून पहिल्या दोन पावसांत फुटवे निघतील. सकाळी हातात चुन्याची पिशवी घेऊन उतारावर फिरा, दिसेल त्या फुटव्याभोवती खूण करा, वर बोरी-बाभळीच्या शिरी टाका म्हणजे शेळ्या येणार नाहीत, आणि गडी लावून खुरपणी करून घेत असाल तर त्यांना आधी नेऊन हे फुटवे दाखवा. दोन पावसाळे जाऊ द्या. तिसऱ्या वर्षी मृगाचा पाऊस झाला की जाळीच्या पूर्वेच्या बाजूला, फांद्यांच्या एक-दीड फूट आत, एका जागी चंदनाच्या तीन-चार बिया टोका.